आइस हॉकीची ट्रम्प कार्डे : जुन्यांचा डाव, नव्यांचा डाव

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना देण्यासाठी मी आइस हॉकीच्या खेळाडूंच्या ट्रम्प कार्डांचा एक संच ऑनलाइन मागवला. किंमत ७५० रुपये पडली, नागपूरला पोचायला नऊ दिवस लागले, आणि तेव्हापासून धरमपेठेतल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी त्याचे दोन-तीन डाव होतात. ज्यांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांची कार्डे खेळली आहेत त्यांना नियम नव्याने सांगावे लागणार नाहीत. पत्ते पिसून सारखे वाटायचे, आपल्या वरच्या पत्त्यावरचा एक आकडा पुकारायचा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता उचलायचा. या संचाचे वेगळेपण एवढेच की त्यात २४ पत्ते जुन्या महान खेळाडूंचे आहेत, २४ आजच्या खेळाडूंचे आहेत, १२ गोलरक्षकांची वेगळी गड्डी आहे आणि दोन पत्ते कोरे आहेत. सर्व आकडे एनएचएल या उत्तर अमेरिकेतील लीगचे असून २०२४-२५ च्या हंगामाअखेरपर्यंतचे आहेत. त्यामुळे वेन ग्रेट्स्की आणि कॉनर मॅकडेव्हिड, बॉबी ऑर आणि केल मकार, गॉर्डी हाव आणि सिडनी क्रॉस्बी यांची गाठ आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीवर पडते.

मी हा खेळ गेली पंधरा वर्षे पाहतो आहे. तिकडचे रात्रीचे सामने इकडे पहाटे साडेचार-साडेपाचला सुरू होतात, त्यामुळे एप्रिल ते जून या बाद फेरीच्या काळात आमच्या घरी दिवस लवकर उजाडतो. या संचाकडून माझी अपेक्षा मोठी होती आणि म्हणून हे परीक्षण थोडे सविस्तर लिहितो आहे.

छपाई उत्तम आहे. पत्ते जाड आहेत आणि त्यांच्यावरचा लेप चांगला आहे. आंबिया बहाराची संत्री सोलता सोलता मुलांनी ते हाताळले, तरी ओल्या फडक्याने पुसल्यावर डाग राहिला नाही. खोका मात्र कच्चा आहे आणि आठवड्याभरात त्याचे कोपरे उसवले. मजकूर इंग्रजीत आहे, पण आकडेच वाचायचे असल्याने आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अडचण येत नाही.

गोलरक्षकांची गड्डी सोडली तर प्रत्येक पत्त्यावर सहा रकाने आहेत : सामने, गोल, असिस्ट (सहकाऱ्याच्या गोलासाठी दिलेला पास), एकूण गुण (गोल आणि असिस्ट मिळून), स्टॅन्ली चषक (लीगचे विजेतेपद) आणि हार्ट करंडक. हार्ट करंडक म्हणजे हंगामातील सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारा सन्मान. पहिल्याच संध्याकाळी मुलांच्या लक्षात आले की ग्रेट्स्कीचा पत्ता हाती आला की डाव जवळजवळ जिंकल्यात जमा. ८९४ गोल, १,९६३ असिस्ट, एकूण २,८५७ गुण, नऊ हार्ट करंडक. त्याने आयुष्यात एकही गोल केला नसता तरी केवळ असिस्टच्या बळावर तो सर्वांच्या पुढे राहिला असता, कारण एकूण गुणांत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या यारोमीर यागरचे गुण १,९२१ आहेत. ग्रेट्स्कीला हरवायला सामन्यांचा रकाना पुकारावा लागतो, जिथे हावचे १,७६७ सामने त्याच्या १,४८७ ना मागे टाकतात, किंवा चषकांचा, जिथे आंरी रिशारचे अकरा चषक त्याच्या चारांवर भारी पडतात. आणि २०२५ पासून गोलांचाही.

तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. ६ एप्रिल २०२५, रविवार, त्या दिवशी रामनवमी होती. पोद्दारेश्वर राममंदिराची शोभायात्रा पाहून आम्ही घरी आलो आणि रात्री दहानंतर वॉशिंग्टनचा न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्धचा सामना लावला. तिकडे तेव्हा दुपार होती. अलेक्झांडर ओव्हेच्किनने आपल्या नेहमीच्या जागेवरून, डाव्या वर्तुळातून, पक (खेळातली रबरी चकती) मारला आणि ८९५ वा गोल झाला. ग्रेट्स्कीचा जो विक्रम मोडणार नाही असे सगळे धरून चालले होते, तो मोडला, आणि तोही ओव्हेच्किनच्या १,४८७ व्या सामन्यात, म्हणजे ग्रेट्स्की कारकिर्दीत जितके सामने खेळला नेमक्या तितक्याच सामन्यांत. दोघांच्या पत्त्यांची तुलना यापेक्षा सरळ होऊ शकत नाही असे कोणालाही वाटेल. संचात ओव्हेच्किनच्या पत्त्यावर ८९७ हा आकडा आहे. पुढचा हंगाम सुरू झाला की तो आकडा जुना होणारच, आणि त्याबद्दल मी निर्मात्यांना दोष देणार नाही.

दोष आहे तो वेगळ्या ठिकाणी, आणि तो माझ्या भाच्याने तिसऱ्या दिवशी दाखवला. त्याच्या हाती सलग चार वेळा बॉबी ऑर आला होता. ६५७ सामने, २७० गोल, ६४५ असिस्ट, ९१५ गुण, दोन चषक. तो मला म्हणाला, “मामा, हा ऑर तर प्रत्येक वेळी हरूनच राहिला, मग तुम्ही त्याला एवढा मोठा कशाला म्हणता?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर पत्त्यावर कुठेच नव्हते. ऑर हा बचावपटू. त्याच्याआधी बचावपटूने आपल्या गोलाजवळ थांबावे, प्रतिस्पर्ध्याला अडवावे आणि पक पुढे देऊन मोकळे व्हावे अशी रीत होती. ऑर स्वतः पक घेऊन बर्फाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला लागला आणि वेळेवर परतायलाही लागला. लीगमधल्या सर्वाधिक गुणांचा मान बचावपटूने मिळवल्याची घटना दोनदाच घडली आहे, १९६९-७० मध्ये आणि १९७४-७५ मध्ये, आणि दोन्ही वेळा तो ऑरच होता. उत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने सलग आठ वर्षे जिंकला. १९७०-७१ मध्ये तो बर्फावर असताना त्याच्या संघाने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक अधिक १२४ होता, आणि तो विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही. मग गुडघे गेले. आजच्यासारखी दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया तेव्हा नव्हती; गुडघा उघडावा लागे, आणि प्रत्येक वेळी तो अधिक निकामी होई. शेवटच्या काळात शिकागोकडून तो जेमतेम २६ सामने खेळू शकला आणि तिशीतच थांबला. आज मकार प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीची निळी रेषा ओलांडून पुढे घुसतो, हंगामात ९२ गुण मिळवतो आणि आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा ती वाट ऑरने पाडलेली आहे. पत्ता यातले काही सांगत नाही. पत्ता फक्त ९१५ सांगतो.

भाच्याला समजावण्यासाठी मला आपल्याच गावातल्या माणसाचे उदाहरण घ्यावे लागले. सी. के. नायडू १८९५ मध्ये नागपुरात जन्मले. भारताचे पहिले कसोटी कर्णधार. त्यांचा पत्ता छापला तर त्यावर काय येईल? सात कसोटी सामने, ३५० धावा, सरासरी २५. आजच्या कोणत्याही सलामीवीराच्या पत्त्यापुढे तो पहिल्याच फटक्यात जाईल. परंतु १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली तेव्हा नायडू ३६ वर्षांचे होते आणि त्यांच्या उमेदीच्या काळात भारताला कसोटी खेळायलाच मिळत नव्हती. १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीच्या गोलंदाजांविरुद्ध त्यांनी अकरा षटकारांसह १५३ धावा केल्या, तो डाव कसोटीच्या हिशेबात धरला जात नाही. नागपूरकराला हे सांगावे लागत नाही. ऑर ज्या शहराच्या संघातून गाजला त्या बॉस्टनमधल्या माणसालाही त्याच्याबद्दल सांगावे लागत नसेल. पण पत्त्यांचा संच विकत घेणारा माणूस बहुधा बॉस्टनचा नसतो, आणि म्हणूनच ही माहिती पत्त्यावर असायला हवी होती.

माझ्या मते या संचात एक सातवा रकाना हवा होता : त्या हंगामात गोल होणे किती सोपे किंवा किती अवघड होते. १९८१-८२ मध्ये, ज्या वर्षी ग्रेट्स्कीने ९२ गोल केले, एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. २००३-०४ मध्ये ही सरासरी पाचच्या किंचित वर होती. हल्ली ती सहाच्या थोडी वर आहे. ऐंशीच्या दशकातले गोलरक्षक बहुतांशी उभे राहून पक अडवत, त्यांच्या पायांवरचे चामडी पॅड पाणी पिऊन जड होत, आणि संघाकडे गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक क्वचितच असे. त्यानंतर गुडघ्यांवर बसून खालची बाजू पूर्ण बंद करण्याची पद्धत पात्रिक रॉयच्या यशाने रूढ झाली, पॅड हलके आणि मोठे झाले, बचावाचे डावपेच चित्रफिती पाहून आखले जाऊ लागले. दुसऱ्या बाजूला लाकडी स्टिक जाऊन मिश्र धाग्यांच्या हलक्या स्टिक आल्या आणि फटका अधिक वेगवान झाला. खेळाडू पूर्वी एका वेळी दोन-दोन मिनिटे बर्फावर राहत, आता पाऊण मिनिटात दम खायला बाकावर परततात आणि त्या पाऊण मिनिटात पूर्ण ताकदीने धावतात. या सगळ्याचा परिणाम एका सरासरीत उतरतो, आणि ती सरासरी छापायला फार जागाही लागत नाही.

एका रविवारी आम्ही वही घेऊन हा हिशेब स्वतःच केला. ओव्हेच्किनने २००७-०८ मध्ये ६५ गोल केले, त्या हंगामाची सरासरी साडेपाचच्या आसपास होती. आठ गोलांच्या काळात नेऊन ठेवले तर ते ६५ गोल नव्वदीच्या पुढे जातात, म्हणजे ग्रेट्स्कीच्या ९२ च्या अगदी बरोबरीला येतात. ऑस्टन मॅथ्यूजने २०२३-२४ मध्ये केलेले ६९ गोल त्याच मापाने सुमारे ८९ होतात. पत्त्यांवर ज्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर दिसत होते, ते तिघे एका ओळीत येऊन बसले. मोरिस रिशारचे १९४४-४५ मधले ५० सामन्यांतले ५० गोलही या मापाने नीट समजतात. तेव्हा हंगामच ५० सामन्यांचा होता आणि अनेक चांगले खेळाडू महायुद्धावर गेलेले होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवाव्या लागतात.

अर्थात ही त्रैराशिकाची रीत ढोबळ आहे. सरासरी कमी झाली म्हणून प्रत्येकाचे गोल त्याच प्रमाणात घटतात असे नाही, आणि ग्रेट्स्कीच्या एडमंटन संघाने त्या काळाची सरासरी स्वतःही थोडी वाढवली होती. म्हणून मला दुसरे एक माप अधिक पटते : खेळाडू आपल्याच काळातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या किती पुढे होता. १९८१-८२ मध्ये ग्रेट्स्कीचे २१२ गुण होते आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या माइक बॉसीचे १४७. १९८५-८६ मध्ये २१५ विरुद्ध मारियो लेम्यूचे १४१. १९५२-५३ मध्ये हावचे ९५ आणि त्याचाच सहकारी टेड लिंडसे याचे ७१. आजच्या काळात मॅकडेव्हिडने २०२२-२३ मध्ये १५३ गुण मिळवले तेव्हा त्याच्याच संघातला लिऑन ड्रायसाइटल १२८ वर होता, आणि २०२०-२१ च्या छोट्या, ५६ सामन्यांच्या हंगामात मॅकडेव्हिडचे १०५ तर ड्रायसाइटलचे ८४ होते. म्हणजे ग्रेट्स्की दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीडपट, हाव तिसऱ्या हिश्श्याने आणि मॅकडेव्हिड पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने पुढे. या मापाने ग्रेट्स्कीचे सिंहासन हलत नाही, उलट अधिक भक्कम होते, आणि मला ते योग्य वाटते. पण मॅकडेव्हिडच्या बाजूने एक गोष्ट जरूर मांडली पाहिजे. ग्रेट्स्कीच्या उमेदीच्या वर्षांत लीगमध्ये २१ संघ होते आणि बहुतेक खेळाडू कॅनडाचे होते. सोव्हिएत संघातले उत्तमोत्तम खेळाडू १९८९ पर्यंत तिकडे येऊच शकत नव्हते. आज ३२ संघ आहेत आणि स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया, जर्मनी, स्वित्झर्लंड येथले अव्वल खेळाडू त्याच बर्फावर असतात. एवढ्या मोठ्या आणि निवडक गर्दीत दुसऱ्यापेक्षा २५ टक्के पुढे राहणे हे फार मोठे काम आहे.

चषकांच्या रकान्याबाबत माझा आक्षेप अधिक तीव्र आहे. आंरी रिशारचे अकरा आणि झाँ बेलिव्होचे दहा चषक आदरास पात्रच आहेत, पण १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये सहाच संघ होते. आज एका चषकासाठी ३२ संघ झुंजतात आणि पगारावरच्या मर्यादेमुळे २००५ पासून एकाच संघाला सगळे चांगले खेळाडू राखता येत नाहीत. मॅकडेव्हिडच्या पत्त्यावर या रकान्यात शून्य आहे. २०२४ मध्ये तो अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला, बाद फेरीत ४२ गुण मिळवले, आणि संघ हरूनही त्या फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा फ्लोरिडाकडून पराभव. हे सारे त्या शून्यात गडप होते. क्रॉस्बीचे तीन चषक, २००९, २०१६ आणि २०१७ चे, मी अशा काळात बेलिव्होच्या दहांच्या खालोखाल धरीन. शिवाय क्रॉस्बीच्या पत्त्यावर ना त्याच्या मेंदूला झालेली इजा आहे, ना टाळेबंदीने अर्ध्यावर आलेला २०१२-१३ चा हंगाम, ना सलग वीस हंगामांत सामन्यामागे किमान एक गुण राखण्याचा विक्रम, जो त्याने २०२५ मध्ये ग्रेट्स्कीच्या १९ ना मागे टाकून केला.

लेम्यूचा पत्ताही असाच अन्यायाचा आहे. ९१५ सामन्यांत १,७२३ गुण, म्हणजे सामन्यामागे १.८८, जे ग्रेट्स्कीच्या १.९२ च्या अगदी जवळ आहे. १९९२-९३ मध्ये हॉजकिन्स या कर्करोगावरच्या किरणोपचारांसाठी मध्येच थांबावे लागूनही तो ६० सामने खेळला आणि १६० गुणांसह पहिला आला. माझ्या भाचीला हे सांगितल्यावर तिने तो पत्ता हातातून खाली ठेवला नाही.

गोलरक्षकांच्या गड्डीविषयी थोडक्यात सांगतो. मार्टिन ब्रोदूरचे ६९१ विजय आणि १२५ शटआउट (एकही गोल न खाता संपवलेले सामने) तिथे ग्रेट्स्कीसारखे चालतात. डॉमिनिक हाशेकचे अडवण्याचे प्रमाण, शंभरात ९२.२, मोजक्याच फेऱ्यांत पुकारले जाते, कारण जुन्या अनेक गोलरक्षकांच्या पत्त्यांवर तो रकाना रिकामा आहे आणि रिकाम्या रकान्याचे काय करायचे हे नियमपत्रिकेत लिहिलेले नाही. आम्ही तो पत्ता तसाच बाजूला ठेवून पुढचा काढतो. जाक प्लान्तने १ नोव्हेंबर १९५९ रोजी चेहऱ्यावर पक बसून रक्तबंबाळ झाल्यावर मुखवटा घालून परतण्याचा आग्रह धरला, त्याआधीचे जवळजवळ सर्व गोलरक्षक उघड्या चेहऱ्याने उभे राहत. एवढे एक वाक्य त्या पत्त्यांच्या पाठीवर छापायला काहीच हरकत नव्हती.

सर्वांत मोठी उणीव मात्र ही की ६० पत्त्यांत एकही स्त्री नाही. हेली विकेनहायझर हिची चार ऑलिंपिक सुवर्णपदके आहेत. मारी-फिलिप पुलँ हिने २०१०, २०१४ आणि २०२२ या तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत विजयी गोल केले. माझ्या माहितीत कोणत्याही पुरुष खेळाडूच्या नावावर असे काही नाही. भारतात आइस हॉकीचे नाव ज्यांनी काढले त्याही मुलीच आहेत. मुख्यतः लडाखच्या खेळाडूंच्या आपल्या महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. या देशात संच विकायचा असेल तर हे विसरून चालणार नाही. आम्ही एका कोऱ्या पत्त्यावर पुलँचे आकडे लिहिले आणि ती आता जुन्यांबरोबर आणि नव्यांबरोबरही खेळते.

संच घ्यावा का, असे कोणी विचारले तर घ्यावा असेच मी सांगीन, आठ वर्षांवरच्या मुलांसाठी आणि त्यांच्याबरोबर बसायला तयार असलेल्या मोठ्या माणसासाठी. सोबत एक पेन्सिल ठेवावी. आमच्या प्रत्येक पत्त्याच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर आता दोन आकडे लिहिलेले आहेत : त्या खेळाडूच्या सर्वोत्तम हंगामातली गोलांची सरासरी, आणि त्या हंगामात तो आपल्या जवळच्या प्रतिस्पर्ध्याच्या किती पुढे होता. बचावपटू किती पुढे होता हे आम्ही दुसऱ्या बचावपटूंशी तुलना करूनच मोजतो. हा नवा रकाना पुकारायची मुभा दिल्यापासून ऑरचा पत्ता आमच्या घरी दोनदाच हरला आहे, दोन्ही वेळा ग्रेट्स्कीकडून.